मोडीत न गेलेला दागिना : जुन्या हिरेजडित अलंकारांच्या आकर्षणाची चिकित्सा (पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड आणि चाकण ही नावे घेताच कारखान्यांची छपरे, पाळ्यांचे भोंगे आणि कामगारांच्या बसगाड्या डोळ्यांपुढे येतात. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी परिसरातील शेतजमिनींवर कारखान्यांचे भूखंड पडले. १९७० साली नवनगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून उद्योगांचा ओघ पुणे-नाशिक रस्त्याने चाकणकडे वळला. अर्ध्या शतकात खेड्यांचे महानगर झालेल्या या पट्ट्यात जुने म्हणावे असे फारसे काही उरलेले नाही. चिंचवडचे मोरया गोसावींचे समाधिमंदिर आणि चाकणचा भुईकोट संग्रामदुर्ग ही त्यातील ठळक उदाहरणे होत.

अशा नव्या वस्तीत सराफी पेढ्यांच्या काचेआड मात्र जुनेपणाला मोठा मान आहे. 'अँटिक', 'पेशवाई', 'पारंपरिक' हे शब्द तेथे सहज ऐकू येतात. नवे घडवलेले सोने मुद्दाम काळपट करून विकले जाते. जुन्या घाटाच्या हिऱ्याच्या कुड्या, तन्मणी, चिंचपेटी, नथ यांना मागणी आहे. ज्या समाजाची उपजीविका नव्या वस्तू घडवण्यावर चालते, त्यालाच दागिना जुना का हवासा वाटतो? या प्रश्नाला सामान्यतः तीन उत्तरे दिली जातात : गतकाळाची ओढ, फॅशन आणि गुंतवणूक. ही तिन्ही उत्तरे अंशतः खरी असली तरी अपुरी आहेत. जुन्या दागिन्याचे आकर्षण त्याच्या वयात नसून तो मोडीत गेला नाही या वस्तुस्थितीत आहे, आणि तो मोडीत न जाण्यामागे बहुधा स्त्रियांच्या वारशाची एक स्वतंत्र परंपरा उभी असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ही परंपरा बाजाराला दिसत नाही, आणि जुन्या दागिन्यांचे गुणगान करणाऱ्या कलाकृतींनाही बहुतांशी दिसलेली नाही.

'जुना' या शब्दाचा अर्थ

कायद्याच्या दृष्टीने जुनेपणा मोजता येतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते आणि ती परदेशी नेण्यावर निर्बंध येतात. पाश्चात्त्य दागिने-व्यापारातही शंभर वर्षांची हीच रेषा प्रमाण मानली जाते. त्याहून अलीकडचा, परंतु मागील एखाद्या कालखंडाची ओळख सांगणारा दागिना 'व्हिंटेज' म्हणून वेगळा काढला जातो. मराठी घरात मात्र जुनेपणाचे माप वर्षांचे नसते, ते नात्याचे असते. दागिना 'आजीच्या वेळचा' असतो, 'सासूबाईंच्या अंगावरचा' असतो, 'पणजीला माहेरून आलेला' असतो.

येथे आपल्याकडील व्यवहाराचे एक वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे. मराठी कुटुंबात सोने जपले जाते, दागिना जपला जातोच असे नाही. पाटल्या मोडून गोठ, गोठ मोडून बांगड्या, पुतळ्यांच्या माळेतील पुतळ्या काढून मुलींच्या लग्नात वाटणी, हा क्रम पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. 'मोड' हा सराफी शब्द घराघरांत रुळलेला आहे. मोड देताना घट धरली जाते, घडणावळ नव्याने द्यावी लागते आणि जुन्या कारागिराचे काम मुशीत विरघळून जाते. त्यामुळे आज अंगावर असलेले सोने कदाचित तीनशे वर्षांपूर्वीचेही असू शकेल, पण दागिना मात्र मागच्या दिवाळीचा असतो. सोन्याला स्वतःची स्मृती नसते, कारण ते वितळते.

हिऱ्याचे तसे नाही. हिरा मुशीत वितळत नाही. मोड देताना तो कोंदणातून काढून कागदाच्या पुडीत बांधला जातो आणि पुन्हा घरी येतो. अनेक घरांच्या कपाटांत अशा पुड्या असतात. दागिना गेलेला असतो आणि खडे राहिलेले असतात. म्हणून हिरा केवळ टिकला याचे अप्रूप नाही. खडा, कोंदण आणि घाट ही तिन्ही एकत्र टिकली, तरच तो दागिना जुना म्हणता येतो. जुना हिरेजडित दागिना म्हणजे कोणीतरी, कधीतरी, मोडायचा नाही असे ठरवलेली वस्तू होय. त्याच्या आकर्षणाची चिकित्सा या निर्णयापासून सुरू व्हावयास हवी.

नाशिकच्या हिऱ्याची साक्ष

असा निर्णय घेतला गेला नाही की काय होते, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी संबंधित असलेला आणि जगात 'नासक' या नावाने ओळखला जाणारा हिरा १८१८ मध्ये पेशवाईच्या अस्ताबरोबर ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला. लंडनमध्ये तो रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांकडे गेला. भारतीय कारागिरांनी त्याचे वजन राखण्याच्या दृष्टीने पैलू पाडले होते. युरोपीय नजरेला ते ओबडधोबड वाटले. सुमारे नव्वद कॅरटांचा हा हिरा पुन्हा घासून सुमारे ऐंशी कॅरटांचा करण्यात आला. पुढे तो वेस्टमिन्स्टरच्या सरदार घराण्याकडे गेला. १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो मिळवला आणि पुन्हा पैलू पाडून त्याचे वजन ४३.३८ कॅरटांवर आणले. १९७० साली न्यूयॉर्कमधील लिलावात त्याला पाच लाख डॉलर किंमत आली.

या कथेतील एक टप्पा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. १९२० च्या दशकात हा हिरा अमेरिकेत नेण्यात आला, तेव्हा त्याला कलात्मक पुरावस्तू म्हणून आयातशुल्कातून सूट मिळावी की नाही, हा वाद न्यायालयात गेला. १९३० साली अपील न्यायालयाने त्यास कलात्मक पुरावस्तू मानण्यास नकार दिला. हिरा जुना होता, प्रसिद्ध होता, त्याला इतिहास होता. तरीही तो कायद्याच्या चौकटीत 'जुनी कलावस्तू' ठरला नाही. त्र्यंबकेश्वराशी असलेला त्याचा संबंध, मूळ पैलू आणि ते पाडणारा हात ही सारी वजा झाल्यानंतर उरला तो एक मौल्यवान खडा. कोहिनूरच्या बाबतीतही १८५२ मध्ये हेच घडले. सुमारे १८६ कॅरटांचा हिरा पुन्हा पैलू पाडल्यानंतर सुमारे १०५ कॅरटांचा झाला. सोन्याची मोड आणि हिऱ्याचे पुन्हा पैलू पाडणे या दोन्ही क्रियांचे तत्त्व एकच आहे : द्रव्य ठेवायचे आणि आठवण काढून टाकायची.

पैलू, कोंदण आणि उजेड

जुन्या हिरेजडित कामाचे सौंदर्य आजच्या निकषांनी मोजले तर ते कमीच भरते. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की यांनी प्रकाशाच्या परावर्तनाचे गणित मांडले आणि त्यातून आजचा गोल, ५७-५८ पैलूंचा हिरा प्रमाण ठरला. त्यापूर्वीचे हिरे हाताने, डोळ्यांच्या अंदाजाने घासलेले असत. आपल्याकडील पोलकी व परब यांसारख्या प्रकारांत खडा चपटा ठेवला जाई आणि त्याचा नैसर्गिक आकार शक्य तितका राखला जाई. पैलू थोडे आणि मोठे असत. अशा हिऱ्याचा प्रकाश चुरचुरीत नसतो. तो संथ आणि रुंद असतो. समईच्या किंवा तेलाच्या दिव्याच्या हलत्या ज्योतीत तो खुलतो. पेढीतील झगझगीत विजेच्या दिव्यांखाली तो काहीसा मंद दिसतो.

कोंदणाची रीतही वेगळी होती. खड्याची मागची बाजू बंद असे. आत लाख भरलेली असे आणि खड्याला तेज यावे म्हणून त्याखाली चमकदार पत्र्याची डाक बसवलेली असे. डाकेला पाणी लागले की खडा काळवंडतो. म्हणून असे दागिने स्नानापूर्वी उतरवले जात. ते रिठ्याच्या पाण्यात बुडवायचे नसतात, हे ज्ञान सासूकडून सुनेकडे, आईकडून मुलीकडे जाई. जुना दागिना टिकण्यासाठी अशी अखंड काळजी लागते. ती घेणारे हात बहुतेक स्त्रियांचेच होते. कारागिराचे नाव लुप्त झाले, तसेच या सांभाळणाऱ्या हातांचे नावही कोठे नोंदले गेले नाही. जुन्या दागिन्यात जो 'जिवंतपणा' पाहणाऱ्याला जाणवतो, तो या दुहेरी अनामिक श्रमाचा ठसा आहे, असे म्हणता येईल.

प्रतिमेतील दागिना

मग आजच्या ग्राहकाच्या मनातील 'जुना दागिना' कोठून आला? फार थोड्यांकडे तो वारशाने आलेला आहे. बाकीच्यांकडे तो चित्रांतून, कादंबऱ्यांतून आणि पडद्यावरून आला. या प्रतिमेचा एक उगम तर याच पट्ट्याच्या शेजारी सापडतो. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांतच लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवण्यात आला. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या ज्या लोहमार्गावर चिंचवड व आकुर्डी ही स्थानके आहेत, त्याच मार्गावर मळवली आहे. तेथून निघालेल्या रंगीत छापील चित्रांनी लक्ष्मी, सरस्वती आणि पुराणांतील नायिका साडी-दागिन्यांसह घरोघरी पोहोचवल्या. ज्या घरात हिऱ्याचा तुकडाही नव्हता, त्या घराच्या भिंतीवर हिरे-मोत्यांनी मढलेली स्त्री आली. दागिना ही प्रथमच सर्वांनी पाहण्याची, पण थोड्यांनीच बाळगण्याची वस्तू झाली.

पुढे हे कार्य ऐतिहासिक कादंबरीने केले. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीने माधवराव-रमाबाईंचे दाम्पत्य मराठी मध्यमवर्गाच्या मनात कायमचे बसवले आणि तिच्यावरील दूरदर्शन मालिकेने त्या दाम्पत्याला चेहरा व वेशभूषा दिली. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' (१९७२) या कादंबरीवर आधारलेल्या 'बाजीराव मस्तानी' (२०१५) या हिंदी चित्रपटाने ही वेशभूषा अखिल भारतीय बाजारात नेली. त्यानंतर 'पेशवाई नथ' हा शब्द मराठी न येणाऱ्या ग्राहकांनाही माहीत झाला.

या कलाकृतींचे वाङ्मयीन किंवा दृश्य मूल्य येथे नाकारावयाचे नाही. परंतु दागिन्याच्या बाबतीत त्यांची दृष्टी एकांगी आहे, हे नोंदवावे लागते. त्यांतून लोकांच्या मनात उरलेला दागिना सौभाग्याच्या क्षणी थांबलेला आहे. नथ घातलेली रमाबाई सर्वांच्या स्मरणात राहते. हीच रमाबाई १७७२ मध्ये थेऊर येथे सती गेली, हे वाचक जाणतो. तथापि दागिन्याच्या प्रतिमेला त्या घटनेचा स्पर्श होत नाही. पेशवेकालीन उच्चवर्णीय समाजात विधवेच्या अंगावरील दागिने उतरत. कुडी, नथ, तन्मणी हे ज्या अंगावर शोभत, त्याच अंगावरून ते एका दिवसात काढले जात. जुना दागिना आज आपल्यापर्यंत पोहोचला आहे, याचा एक अर्थ असाही होतो की तो कोणाच्या तरी अंगावरून उतरला आहे. पेशवाई अलंकारांचे आजचे कौतुक हा अर्धा इतिहास गाळून उभे आहे.

दुसरी उणीव अशी की, 'पेशवाई' या एका शब्दाने सारा जुना मराठी दागिना व्यापून टाकला आहे. मावळ आणि खेड तालुक्यांतील शेतकरी स्त्रियांचा दागिना दरबारी नव्हता. त्यात डोरले, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, ठुशी, चांदीचे गोठ व तोडे होते. हिरा असलाच तर तो नाकातल्या चमकीपुरता. ज्या गावांच्या जमिनींवर हे महानगर उभे आहे, त्या गावांतील आज्यांचे दागिने मोडीत निघाले आणि त्यांच्या नाती शनिवारवाड्याच्या स्मृतीतले दागिने विकत घेऊ लागल्या. गतकाळाची ओढ खरी असली तरी येथे ओढून आणलेला गतकाळ दुसऱ्याचा आहे.

अलंकारांचा अभ्यास आणि स्त्रीजीवनाचा अभ्यास वेगळे करता येत नाहीत, याचा दाखला मराठीत आहे. मालतीबाई बेडेकर यांनी 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) या 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या संग्रहातून स्त्रियांची घुसमट मांडली. त्याच लेखिकेने 'अलंकार-मंजूषा' हा दागिन्यांवरील ग्रंथ सिद्ध केला आणि क. ना. केळकर यांच्यासह हिंदू व्यवहार-धर्मशास्त्रावरही लिहिले. अलंकार, कायदा आणि स्त्रीमन या तीन विषयांकडे एकाच अभ्यासकाचे लक्ष जावे, हा योगायोग मानता येत नाही. नंतरच्या अभ्यासात मात्र हे तीन धागे सुटे झाले. दागिन्यांवर लिहिणारे कलेविषयी लिहू लागले आणि स्त्रीप्रश्नावर लिहिणाऱ्यांना दागिना हे केवळ बंधनाचे चिन्ह वाटू लागले.

तागडीतून वजा होणारा हिरा

बाजाराच्या दृष्टीने जुन्या हिरेजडित दागिन्याची स्थिती विचित्र आहे. सोनेतारणावर कर्ज देताना मूल्यमापन निव्वळ सोन्याचे होते आणि खड्यांचे वजन वजा केले जाते. जुन्या हिऱ्याला प्रमाणपत्र नसते, त्याचे पैलू प्रमाणित नसतात, डाकेमुळे त्याचा खरा रंग पारखता येत नाही. परिणामी, घरात ज्या खड्यामुळे दागिना अमूल्य मानला जातो, तोच खडा तागडीवर उणे होतो. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर भारतीय रिझर्व्ह बँकेने शेतीखेरीज इतर कारणांसाठीच्या सोनेतारण कर्जाची मर्यादा मार्च २०२१ पर्यंत सोन्याच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत वाढवली होती. ज्या पट्ट्यात असंख्य कुटुंबे कंत्राटी रोजगारावर अवलंबून आहेत, तेथे या निर्णयाचा अर्थ स्पष्ट होता. संकटात प्रथम बाहेर पडतो तो स्त्रीच्या अंगावरचा दागिना. २०२५ साली सोन्याचा दहा ग्रॅमचा भाव एक लाख रुपयांच्या पुढे गेला. भाव चढतो तसा मोडीचा मोहही वाढतो. जुन्या दागिन्याला आजचा सर्वांत मोठा धोका चोरीचा नसून चढ्या भावाचा आहे.

याच पट्ट्यात हिऱ्याचे आणखी एक रूप रोजच्या वापरात आहे, हे या संदर्भात लक्षणीय होय. कारखान्यांत ग्राइंडिंग व्हीलला धार व आकार देण्यासाठी डायमंड ड्रेसर वापरले जातात. इंजिनांचे अॅल्युमिनियमचे भाग कापण्यासाठी कृत्रिम हिऱ्याच्या चूर्णापासून बनवलेली हत्यारे लागतात. पोलादासाठी मात्र ती चालत नाहीत, कारण उष्णतेत हिऱ्यातील कार्बन लोखंडात उतरतो. १९५४ च्या अखेरीस अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला. पिंपरीतील पहिल्या मोठ्या सरकारी कारखान्याची स्थापनाही त्याच वर्षीची आहे. आज प्रयोगशाळेत घडवलेले हिरे दागिन्यांतही आले आहेत. रासायनिक घटना व काठिण्य या दृष्टींनी त्यांच्यात आणि खाणीतल्या हिऱ्यांत फरक नाही, आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्या किमती झपाट्याने उतरल्या आहेत.

या घटनेने एक भ्रम दूर केला आहे. हिऱ्याचे मूल्य त्याच्या दुर्मीळतेत आणि चिरंतनतेत आहे, ही समजूत विसाव्या शतकातील व्यापाराने जोपासली. डी बिअर्स कंपनीचे हिरा कायमचा असतो असे सांगणारे सुप्रसिद्ध घोषवाक्य १९४७ मधील आहे. ज्या यंत्रयुगाने हिरा हत्यार म्हणून झिजवला आणि अलंकार म्हणून हवा तेवढा घडवून दाखवला, त्यानेच हे सिद्ध केले की द्रव्य चिरंतन असणे पुरेसे नाही. कारखान्यात काम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. एकाच साच्यातून निघालेल्या हजारो भागांत कोणत्याही एकाला नाव नसते, हे तो रोज पाहतो. हाताने घासलेल्या, थोड्या वाकड्या पैलूंच्या, पुन्हा तसाच घडवता न येणाऱ्या खड्याची किंमत त्यालाच अधिक कळावी, हे स्वाभाविक आहे. औद्योगिक पट्ट्यात जुन्या दागिन्याला मान आहे तो उद्योग असूनही नव्हे, तर उद्योगामुळेच.

जमीन आणि दागिना

तथापि, या आकर्षणाचे सर्वांत खोल कारण मालमत्तेच्या इतिहासात आहे. मिताक्षरेनुसार स्त्रीधनाचा वारसा प्रथम मुलींकडे जातो आणि मुलींतही अविवाहितेचा हक्क आधी येतो. जमीन, वतन व घर पुरुषांच्या वंशातून उतरत असताना दागिना हा आईकडून मुलीकडे जाणारा जवळजवळ एकमेव वारसा होता. सातबाऱ्यावर जिचे नाव क्वचितच चढले, तिची वंशावळ कुड्यांच्या जोडात नोंदलेली असे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील चौदाव्या कलमाने स्त्रीच्या मालमत्तेवर तिला संपूर्ण स्वामित्व दिले. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे सर्वस्वी पत्नीचेच असल्याचे स्पष्ट केले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. २०२० च्या विनीता शर्मा खटल्यातील निर्णयाने तो निःसंदिग्ध केला.

कायदा बदलला त्याच दशकांत या पट्ट्यातील जमिनीला सोन्याहून अधिक भाव आला. आणि नेमक्या याच वेळी हक्कसोडपत्रांचे महत्त्व वाढले. बहिणीने भावांच्या नावे आपला हिस्सा सोडायचा आणि माहेरची वाट मोकळी ठेवायची, ही रीत सर्वपरिचित आहे. सही केल्यावर साडीचोळी होते, कधी एखादा दागिना होतो. एकेकाळी दागिना हा स्त्रीचा वारसा होता. हक्कसोडीच्या व्यवहारात तो वारसा सोडल्याचा मोबदला झाला. दोन्ही दागिने सोन्याचेच असतात आणि दुसरा कदाचित अधिक वजनाचाही असेल. परंतु आईच्या कुड्या आणि सहीनंतर मिळालेला हार यांतील भेद त्या स्त्रीला नेमका माहीत असतो.

मोपासाँ यांच्या १८८४ मधील प्रसिद्ध कथेत एक मध्यमवर्गीय स्त्री उसना घेतलेला हिऱ्यांचा हार हरवते, दहा वर्षे कष्ट करून त्याची किंमत फेडते आणि अखेरीस तो हार खोटा होता असे तिला कळते. ती कथा दिखाऊपणावरील उपहास म्हणून वाचली जाते. मराठी समाजाच्या संदर्भात ती उलट दिशेने वाचता येईल. येथे हार खरा आहे, त्याची किंमतही खरी आहे. खोटे ठरते ते त्या हाराच्या रूपाने तिला तिचा वाटा मिळाला हे गृहीतक.

या पार्श्वभूमीवर जुन्या घाटाच्या नव्या दागिन्यालाही सरसकट नकली म्हणून निकालात काढता येत नाही. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून किंवा उत्तर भारतातून येथे आलेल्या कुटुंबातील स्त्री पहिल्या बचतीतून पेशवाई घाटाच्या कुड्या घेते, तेव्हा ती मागील पिढी विकत घेत नसते. पुढील पिढीसाठी एक आरंभ करत असते. तिच्या आजीकडून काही आले नाही, पण नातीकडे काही जावे अशी तिची इच्छा असते. ही इच्छा खोटी नाही. खोटे आहे ते काळपट मुलाम्याने इतिहास मिळतो हे आश्वासन. दागिना जुना होतो तो मोडीत न गेल्याने, आणि ते काम विक्रेत्याच्या हातचे नाही.

समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, जुन्या हिरेजडित दागिन्याचे टिकून राहिलेले आकर्षण हे केवळ सौंदर्याचे, संपत्तीचे किंवा फॅशनचे नाही. खडा, कोंदण, घाट आणि सांभाळणाऱ्या हातांची नावे एकत्र राहिली तरच ते अर्थपूर्ण ठरते. नाशिकच्या हिऱ्याच्या बाबतीत ती ताटातूट झाली आणि उरला तो खडा. पडद्यावरील पेशवाईने घाट ठेवला, पण अंगावरून दागिना उतरवला जाण्याचा इतिहास गाळला. कर्ज देणाऱ्या तागडीने सोने ठेवले आणि हिरा वजा केला. हक्कसोडीच्या व्यवहाराने दागिना ठेवला आणि वारसा काढून घेतला. ज्या घरात ही वजाबाकी झाली नाही, तेथील लहानशी चमकीही या साऱ्यांहून अधिक जुनी म्हटली पाहिजे.

या दृष्टीने महाविद्यालयांना करण्यासारखे एक काम आहे आणि त्याला मोठ्या निधीची गरज नाही. इतिहास, मराठी, समाजशास्त्र व वाणिज्य या विभागांनी मिळून विद्यार्थिनींकडून त्यांच्या घरातील जुन्या दागिन्यांच्या नोंदी करून घेता येतील : दागिन्याचे स्थानिक नाव, वजन, घाट, तो कोणाकडून कोणाकडे आला, कधी गहाण पडला, कधी सुटला, आणि मोडायचा नाही असे कोणी ठरवले. घराची सुरक्षितता लक्षात घेऊन मालकाचे नाव व पत्ता अशा नोंदीत अर्थातच नसावा. दागिना मोडीत गेलेला असेल तर त्या मोडीची नोंद करावी. चाकण परिसरात डोरले व बोरमाळ प्रत्यक्ष अंगावर घातलेल्या स्त्रियांची पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. सोन्याचा भाव आणि त्यांचे वय ही दोन्ही चढत आहेत. दागिने वाचवणे अभ्यासकाच्या हाती नाही. ते ज्यांनी वाचवले त्या स्त्रियांची नावे घराघरांतून विचारून घेणे मात्र निश्चितच आहे.